शिजतंय तोवर काय वाचायचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: अलीकडची, वाचताना मजा आली अशी पुस्तकं, त्यांच्या जोडीला घरी काय करावं, आणि आजारातून उठणाऱ्या मैत्रिणीकडे पुस्तक आणि डबा दोन्ही न्यायचं तर कुठलं पुस्तक, कसला डबा. मध्येच एक वाक्य तक्रारीचं आहे, की स्वयंपाकघरातून बाहेर पडेपर्यंत वाचायचं त्राणच उरत नाही. मी सुरुवात तिथूनच करते. नुसती यादी काय, कुठेही मिळेल.

ग्रंथालयात वाचकांना पुस्तकं सुचवणं हे माझं काम, आणि घरचा ओटाही माझ्याच ताब्यात. जपानी कादंबरी म्हणून सुशी, इटालियन म्हणून पास्ता अशा जोड्या लावणारे पुष्कळ लेख मी वाचलेत. फोटोत त्या छान दिसतात. प्रत्यक्षात माणूस दिवसभर सामान गोळा करतो, रात्री भांडी आवरतो आणि पुस्तक विसाव्या पानावर पडून राहतं. मी जोडी चवीवरून लावत नाही, वेळावरून लावते. पदार्थ तुम्हाला किती वेळ मोकळं सोडतो? सलग सोडतो, की दर पाच मिनिटांनी हाक मारतो? त्या मोकळ्या वेळाच्या मापाचं पुस्तक निवडलं की वाचायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अंदाजासाठी सांगते. निवांत बसलो तर आपण मिनिटाला दोनशेच्या आसपास शब्द वाचतो. ओट्याशेजारी, मध्येच उठून झाकण काढत, त्याच्या निम्मे धरा. म्हणजे तासाला वीस-पंचवीस पानं. कमी वाटतील, पण पदार्थ रोजच शिजतात.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे काबुली चणे आणि समांथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’. कादंबरी २०२३ची, २०२४चं बुकर पारितोषिक तिला मिळालं. दीडशे पानांच्या आतच संपते. अंतराळ स्थानकात सहा माणसं आहेत, आणि त्यांचा फक्त एक दिवस आहे. त्या एका दिवसात स्थानक पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या मारतं, म्हणजे सोळा सूर्योदय, सोळा सूर्यास्त. प्रकरणंही फेऱ्यांप्रमाणेच पाडलेली आहेत. एका फेरीला साधारण नव्वद मिनिटं लागतात, आणि रात्रभर भिजलेले काबुली चणे उघड्या पातेल्यात मंद आचेवर शिजायलाही तेवढीच लागतात. तुमचे चणे शिजले तेव्हा वर कोणीतरी आख्ख्या पृथ्वीला एक चक्कर मारून आलेलं असतं. हा योगायोग मला इतका आवडतो की कुकरमध्ये तेच काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं हे माहीत असूनही या पुस्तकाच्या वेळी मी कुकर काढत नाही.

एक इशारा: या कादंबरीत फारसं काही घडत नाही. खाली एक चक्रीवादळ जमतंय, एकीची आई वारली आहे, बाकी माणसं आपापली कामं करत खिडकीतून बघत राहतात. ‘पुढे काय झालं’ या ओढीवर वाचणाऱ्यांना मी ती देत नाही. पण दर दहा मिनिटांनी उठून पाणी बघायला जायचं असेल तर असंच पुस्तक हवं. धागा तुटत नाही, कारण ओढून धरलेला धागाच नसतो. अंतराळात अंगातले द्रव डोक्याकडे सरकतात, नाक चोंदल्यासारखं होतं आणि अंतराळवीरांना जेवण फिकं लागतं. हे डोक्यात ठेवून आपल्या पातेल्यातल्या लसणाचा वास घ्या.

चण्यांचं तंत्र थोडक्यात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात एक तमालपत्र, सोलायची तसदी न घेता अर्धा कापलेला लसणाचा गड्डा, थोडं तेल आणि मीठ. मिठाने कडधान्य दडस राहतं ही समजूत सोडून द्या. दडस ठेवतो तो आंबटपणा. टोमॅटो, चिंच, लिंबू यांपैकी काहीही घालायचं ते दाणा बोटांनी सहज चिरडला गेल्यावरच. पाणी जड असेल, किंवा चणे डब्यात वर्षभर पडलेले असतील, तर दोन तासही लागतात. त्या दिवशी एक फेरी जास्त वाचून होते.

चण्यांऐवजी राजमा घेणार असाल तर मात्र पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. ते नष्ट व्हायला राजमा भिजवून, पाणी बदलून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकलेला राजमा मऊ होतो पण सुरक्षित होईलच असं नाही, कारण तिथलं तापमान बऱ्याचदा उकळीपर्यंत जातच नाही. आधी उकळा, मग आच कमी करा, मग खुर्ची ओढा.

आता जाड पुस्तक. आसाको युझुकी यांची ‘बटर’ जपानीत २०१७ साली आली आणि पॉली बार्टन यांचा इंग्रजी अनुवाद २०२४मध्ये. जपानमधल्या एका खऱ्या खटल्यावरून सुचलेली ही कादंबरी आहे. पुरुषांना उत्तमोत्तम जेवू घालून मारल्याचा आरोप असलेली काजिई तुरुंगात आहे आणि कुठल्याच पत्रकाराला भेटत नाही. साप्ताहिकात काम करणारी रिका तिला मुलाखत मागत नाही. काजिईने शेवटी केलेल्या स्ट्यूची पाककृती मागते. दार तिथे उघडतं. रिकाला स्वयंपाक येत नाही, रात्री मिळेल ते गिळून ती झोपते. काजिई तिला पहिला धडा देते तो असा: वाफाळता भात, त्यावर थेट फ्रिजमधून काढलेलं गार लोणी आणि थोडा सोया सॉस. लोणी वितळायच्या आत घास घ्यायचा.

हे पुस्तक वाचून तो भात केला नाही असा वाचक मला अजून भेटायचाय. गंमत अशी की तो करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पुस्तक साडेचारशे पानांचं आहे, त्यामुळे भात ही त्याची जोडी नव्हे, ती लाच आहे. खरी जोडी स्ट्यूची, कारण तो अडीच-तीन तास घेतो. कादंबरीत तो बीफचा आहे. पद्धत कुठल्याही चिवट मांसाला तीच. जिथे स्नायू जास्त राबतो, म्हणजे खांदा किंवा पाय, तिथलं मांस घ्या. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटायला लागतो. घाईने खळखळ उकळलंत तर मांसाचे धागे आवळून पाणी सोडतात आणि तुकडे कोरडे पडतात. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा, एवढीच आच. सुरुवातीची वीस मिनिटं मांस लाल करण्याची, ती पूर्ण लक्ष देऊन. त्यानंतर अर्ध्या तासाने एकदा डोकावलं तरी पुरतं. माझ्या हिशेबाने एका स्ट्यूत साठ-सत्तर पानं होतात, म्हणजे ‘बटर’ला सहा-सात स्ट्यू. घरचे तक्रार करत नाहीत.

शाकाहारी वाचक विचारतात, मशरूम आणि कंदांचा स्ट्यू चालेल का? चवीला उत्तम, पण तो पाऊण तासात होतो. भाज्यांत कोलॅजन नसतं, त्यांना तीन तास ठेवून लगदाच हाती येतो. शाकाहारी असाल तर ‘बटर’ रात्री अंथरुणात वाचा आणि भात मात्र चुकवू नका. कादंबरीविषयी एकच मत: मधला शे-सव्वाशे पानांचा भाग पसरट आहे. तरी सोडू नका. रिकाचं वजन वाढायला लागल्यावर भोवतालची माणसं जे बोलतात, ते वाचताना खुनाची गोष्ट बाजूला राहते आणि पुस्तकाचा खरा विषय दिसतो.

चव आणि वेळ दोन्ही जुळतात अशी जोडी क्वचित सापडते. क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’, २०२१ची, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची, ही तशी. आयर्लंडमधल्या न्यू रॉस गावात १९८५च्या नाताळाच्या तोंडावर कोळसा विकणारा बिल फर्लाँग एका मठात कोळसा टाकायला जातो आणि तिथे त्याला जे दिसतं ते न पाहिल्यासारखं करणं सगळ्या गावाच्या सोयीचं असतं. सुरुवातीलाच फर्लाँगच्या घरी नाताळचा केक कालवण्याचा प्रसंग आहे, पाच मुली आणि आईबाप सगळे ओट्याभोवती. जोडीला अर्थातच सुकामेव्याचा केक. आठ इंची गोल साच्यात तो दीडशे अंशांवर अडीच ते तीन तास भाजावा लागतो. ओव्हनजवळ उभं राहायची गरज नाही, पहिला दीड तास दार उघडायचंही नाही. म्हणजे इथे तुम्ही पूर्ण वेगाने वाचू शकता आणि एका केकमध्ये एक कादंबरी पुरी होते. साच्याला आतून कागदाचे दोन थर लावा, नाहीतर आतलं पीठ शिजेपर्यंत कडा करपतात. वरून रंग लवकर आला तर सैलसर कागद झाका. आणि मनुका-बेदाणे आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवा. कोरडेच घातले तर ते केकमधलं पाणी शोषून घेतात.

तुम्ही लिहिलंय की सलग तीन तास मिळणं हीच चैन आहे. खरं आहे. रोजच्या दिवसासाठी कथासंग्रह ठेवा. बानू मुश्ताक यांचा ‘हार्ट लॅम्प’ हा कन्नडमधून दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेला बारा कथांचा संग्रह. २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर त्याला मिळालं, आणि कथासंग्रहाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायकांच्या या कथा आहेत. वाचताना हसू येतं आणि पुढच्याच परिच्छेदात ते घशात अडकतं. त्यात एका अरबी शिक्षकाची कथा आहे, ज्याला गोबी मंच्युरियनचं अक्षरशः वेड आहे. ती वाचून मंच्युरियन तळायला घेणार असाल तर थांबा. तळण आणि पुस्तक एकत्र कधीच नाही. तेल तापून धुरायला लागलं की पेट घ्यायला फार वेळ लागत नाही, आणि गॅसवर विसरलेलं भांडं हे घरच्या आगींचं फार जुनं कारण आहे.

त्याऐवजी फ्लॉवरचे तुरे तेल-मीठ-मिरपूड चोळून एका थरात पसरा आणि दोनशे वीस अंशांच्या ओव्हनमध्ये पंचवीस-तीस मिनिटं भाजा. गर्दी करू नका. तुरे एकमेकांना टेकले की भाजण्याऐवजी वाफवले जातात. पंचवीस मिनिटांत एक मध्यम कथा होते. पाऊण तास असेल तर इटालियन पाककृतींच्या लेखिका मार्सेला हझान यांच्यामुळे जगभर पोहोचलेला टोमॅटोचा सॉस करा: आठशे ग्रॅम सोललेले टोमॅटो, सत्तर ग्रॅम लोणी, एक कांदा सोलून मधोमध दोन तुकडे केलेला, मीठ. पंचेचाळीस मिनिटं मंद आच, अधूनमधून एकदा ढवळणं, शेवटी कांदा काढून टाकायचा. चिरणं नाही, परतणं नाही. एवढ्या कमी कष्टात एवढी चव देणारी दुसरी कृती मला माहीत नाही.

परतण्यावरून आठवलं. कांदा नीट खरपूस व्हायला पाककृतीत दहा मिनिटं लिहिलेली असतात, ते खोटं आहे. पाऊण तास लागतो, आणि दर दोन-तीन मिनिटांनी हलवावा लागतो. हा वेळ पुस्तकाचा नाही, कानाचा. ऑडिओबुक लावा, किंवा ओट्यावर कवितासंग्रह उघडा ठेवा आणि एक कविता तीन-चारदा वाचा. कवितेला ते मानवतं.

‘तैवान ट्रॅव्हलॉग’ची गोष्ट वेगळी. यांग शुआंग-झी यांची ही कादंबरी मूळ २०२०ची, लिन किंग यांचा इंग्रजी अनुवाद २०२४मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेचं अनुवादित साहित्याचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. १९३८ साली जपानच्या ताब्यातल्या तैवानमध्ये एक खवय्यी जपानी लेखिका फिरते आहे आणि सोबत तिची तैवानी दुभाषी. प्रकरणांना नावं पदार्थांची. सुरुवातीला हे निव्वळ खाद्यप्रवासाचं पुस्तक वाटतं. मग हळूहळू लक्षात येतं की एक जण मनापासून मैत्री करू पाहते आहे आणि सत्ता कोणाकडे आहे हे तिला दिसतच नाही. तळटीपा भरपूर आहेत, त्या गाळू नका, त्यांतही गोष्ट दडलेली आहे. उपाशीपोटी मात्र वाचू नका. याला जोडी न मळलेल्या पावाची. रात्री चारशे ग्रॅम मैदा, तीनशे मिलिलीटर पाणी, आठ ग्रॅम मीठ आणि पाव चमचा इन्स्टंट यीस्ट नुसतं कालवायचं, झाकून बारा ते अठरा तास विसरायचं. यीस्ट कमी आणि वेळ भरपूर असला की ग्लुटेन या पिठातल्या चिकट प्रथिनाची जाळी आपोआप बनते, मळावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे तीस अंशांवर तापवलेल्या जड झाकणाच्या भांड्यात अर्धा तास झाकून, मग पंधरा-वीस मिनिटं उघडा. या पावाला तुमची गरजच नसते, म्हणून तळटीपांसकट वाचायच्या पुस्तकाला तो बरा.

मराठीतली अलीकडची दोन. देविदास सौदागर यांची ‘उसवण’, २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेली छोटी कादंबरी. रेडिमेड कपड्यांनी शिंप्याच्या हातातलं काम कसं जातं याची ती गोष्ट, आणि लेखकाने स्वतः शिलाईचं काम केलेलं असल्याने एक टाकाही खोटा नाही. तिच्यासोबत नवीन काही रांधू नका. डाळ-तांदूळ, जे तुमचे हात न बघता करतात ते लावा आणि वाचा. दुसरं, शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, २०१५चं. २०२४मध्ये इंग्रजीत आल्यावर पुन्हा वाचलं जायला लागलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीविषयी आहे, पाककृतीही आहेत. हे मात्र मी कशाच्याच जोडीला देत नाही. ते टेबलाशी बसून, हातात पेन घेऊन वाचण्याचं पुस्तक आहे.

‘लेसन्स इन केमिस्ट्री’ तुम्हाला कोणीतरी सुचवलंय आणि ते मला कसं वाटलं असं विचारलंत. बॉनी गार्मस यांची २०२२ची कादंबरी. नोकरी गेलेली रसायनशास्त्रज्ञ टीव्हीवर स्वयंपाक शिकवते आणि त्या निमित्ताने बायकांना रसायनशास्त्र. पळतं पुस्तक आहे, संवाद खुसखुशीत. शेवटाकडे सगळं जरा जास्तच सोयीने जुळून येतं. प्रवासात वाचा. गॅसजवळ नको, ते इतकं खेचून नेतं की दूध उतू जाईल.

आता मैत्रीण. तिच्यासाठी हिसाशी काशिवाई यांचं ‘द कामोगावा फूड डिटेक्टिव्ह्ज’, इंग्रजी अनुवाद २०२३चा, जेसी कर्कवुड यांचा. क्योटोत पाटी नसलेलं एक खाणावळवजा दुकान. निवृत्त पोलीस नागारे आणि त्याची मुलगी कोइशी लोकांना हरवलेल्या चवी शोधून देतात: गेलेल्या बायकोच्या हातचे नूडल्स, लहानपणी एकदाच खाल्लेलं काहीतरी. सहा गोष्टी, सहा पदार्थ, आणि प्रत्येक गोष्टीचे दोन भाग: माणूस येऊन आठवण सांगतो, मग दोन आठवड्यांनी परत येऊन जेवतो. साचा तोच तोच आहे, आणि धडधाकट माणसाला तिसऱ्या गोष्टीपर्यंत तो खटकेलही. आजारातून उठणाऱ्याला तोच सोयीचा पडतो. वीस पानांवर झोप लागली तरी काही हरवत नाही. शिवाय पुस्तक हलकं आहे, पडल्यापडल्या हातात धरवतं. ‘बटर’ नेलंत तर मनगट दुखेल.

डबा मऊ, पातळ भाताचा. एक भाग तांदूळ, आठ-नऊ भाग पाणी, तासभर मंद आच, अधूनमधून तळ खरवडायचा. आल्याचा तुकडा शिजताना टाका आणि शेवटी काढून घ्या. वरून घालायचं सगळं वेगळ्या छोट्या डब्यांत, कारण आजारानंतर वासाचं काय होईल सांगता येत नाही. मीठ किंवा पाणी मोजून घ्यायला सांगितलंय का, हे आधी घरच्यांना विचारून घ्या. भात नेताना एक पथ्य: शिजलेला भात तासन्‌तास कोमट ठेवू नका. बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गरमागरम न्या, उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. डबे परत करायची घाई नाही हेही सांगून टाका. आजाऱ्याच्या घरात तेवढंही एक काम होऊन बसतं. तिला पुस्तक आवडलंच तर त्याचा पुढचा भाग, ‘द रेस्टॉरंट ऑफ लॉस्ट रेसिपीज’, इंग्रजीत आलेला आहे. पुढच्या भेटीला तो न्या.